पत्ता द्या, प्रभागाचा इतिहास घ्या: दादरच्या एका संदर्भ दालनातील ‘प्रभाग-टिपण’ सेवेचा अनुभव

आमच्या इमारतीला पुढच्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होतात. दादरच्या गोखले रोडलगतच्या गल्लीतली ही तीन मजली, लाकडी जिन्याची इमारत आहे, आणि शताब्दीनिमित्त रहिवाशांनी स्मरणिका काढायचे ठरवले, तेव्हा ‘आपली इमारत आणि महापालिकेच्या निवडणुका’ हा लेख माझ्या वाट्याला आला. त्याचे कारण उघड होते. महापालिकेच्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले आणि त्या काळात निवडणुकीच्या कामाचा आदेश हातात पडला नाही, अशी महापालिकेची एकही निवडणूक मला आठवत नाही. लेख आठवड्याभरात होईल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात साडेतीन महिने लागले, आणि त्यांतील बहुतेक दिवस मी दादरमधल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ दालनात काढले. तेथे ‘प्रभाग-टिपण’ नावाची एक सेवा दिली जाते. तिच्याविषयी सविस्तर लिहावे, असे मनापासून वाटते, कारण या शहरात अशी सेवा मला दुसरीकडे कोठेही मिळाली नाही. मात्र तिच्या काही उणिवाही मला सांगायच्या आहेत आणि त्यांचा ठपका एका तुटपुंज्या मनुष्यबळावर चालणाऱ्या संस्थेवर यावा, अशी इच्छा नाही; म्हणून ग्रंथालयाचे नाव लिहीत नाही. दादरमधल्या वाचकांना ते ओळखता आले तरी हरकत नाही.

आधी अडचण काय होती, ते सांगते. मुंबई महापालिकेच्या निवडणुकांवर लिहिलेले जे काही सहज हाती लागते, ते पक्षांच्या अंगाने किंवा महापौरांच्या अंगाने लिहिलेले असते. कोणत्या साली कोणाला किती जागा मिळाल्या आणि महापौर कोण झाले, हे कळते. पण आमच्या गल्लीतल्या माणसाने १९४८ साली कोणत्या प्रभागात मत दिले, तो प्रभाग कोठून कोठपर्यंत होता आणि पुढे त्याचे काय झाले, याचे उत्तर तेथे नसते. लोक ‘जी उत्तर’ असे सहज म्हणतात, पण ते विभाग कार्यालयाचे नाव आहे, मतदारसंघाचे नव्हे. मुंबई बेटाचे ए ते जी असे अक्षरी विभाग एकोणिसाव्या शतकापासून चालत आले, पुढे जी विभागाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दादर, माहीम व धारावी जी उत्तरमध्ये राहिले. निवडणुकीचे प्रभाग मात्र या विभागांच्या पोटात प्रत्येक फेररचनेत नव्याने आखले जातात. नगरसेवकांची संख्या १९६८ साली १४० होती, १९८५ साली १७० झाली, १९९२ साली २२१ आणि २००२ पासून २२७. दर वेळी रेषा सरकल्या, क्रमांक बदलले, आणि एकाच जिन्याने उतरणारी माणसे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या क्रमांकांच्या प्रभागांत मोडली.

संदर्भ दालनात पहिल्यांदा गेले, तेव्हा मी प्रभागाचा सध्याचा क्रमांक सांगून त्याचा मागचा इतिहास मागितला. टेबलामागच्या संदर्भ साहाय्यकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बाई, नंबर धरून मागे जाल तर वाट चुकाल. रस्ता धरा. नंबर बदलतो, रस्ता तिथेच असतो.” मी शिक्षिका आहे, हे त्यांनी कसे ओळखले ते मला आजही ठाऊक नाही, पण त्या एका वाक्याने माझे काम रुळावर आले.

सेवेची पद्धत सोपी आहे. एका छापील अर्जावर इमारतीचा पत्ता, जवळच्या दोन रस्त्यांची नावे आणि शक्य असल्यास जुनी नावे लिहायची, ओळखपत्राची प्रत जोडायची आणि तीनशे रुपये भरायचे. त्यानंतर दालनातील नकाशे, राजपत्रे, महापालिकेचे वार्षिक प्रशासन अहवाल आणि वृत्तपत्रांची कात्रणे चाळून ते त्या पत्त्याचे एक टिपण तयार करतात: कोणत्या निवडणुकीत तो पत्ता कोणत्या प्रभागात होता, त्या वेळी मताचा हक्क कोणाला होता, सभागृहात किती सदस्य होते, आणि त्या त्या निवडणुकीविषयीचे साहित्य दालनातल्या कोणत्या कपाटात आहे. सांगितलेली मुदत तीन आठवड्यांची होती. मला टिपण पाचव्या आठवड्यात मिळाले. उशिराचे कारण त्यांनी आपण होऊन सांगितले, ते असे की नकाशांचा एक खंड बांधणीसाठी गेला होता. अकरा पानांचे हे टिपण हाताने लिहून मग टंकित केलेले होते, आणि शेवटी दोन नकाशांच्या छायाप्रती जोडलेल्या होत्या.

टिपणाची पहिली दोन पाने मला सर्वांत मोलाची वाटली, कारण आमची इमारत उभी राहण्याआधीची पार्श्वभूमी त्यांत नेमकी मांडली आहे. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार जस्टिसेस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद न्यायदंडाधिकारी) आणि आयुक्त यांच्याकडे गेला; आर्थर क्रॉफर्ड हे आयुक्त असताना कामे झपाट्याने झाली, पण खर्चही बेसुमार झाला आणि करदात्यांनी आवाज उठवला. त्यातून १८७२ चा कायदा आला. चौसष्ट सदस्यांच्या महापालिकेत निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनी निवडायचे, सोळा जस्टिसेसनी आणि उरलेले सोळा सरकारने नेमायचे, अशी रचना झाली. १८८८ च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता, सदस्यसंख्या बहात्तर झाली: छत्तीस विभागांतून, सोळा जस्टिसेसकडून, सोळा सरकारनियुक्त, आणि विद्यापीठ व चेंबर ऑफ कॉमर्स यांचे प्रत्येकी दोन. हाच कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. ही आकडेवारी इतरत्रही मिळते. टिपणकर्त्याने मात्र तिच्यापुढे एक ओळ जोडली आहे, ती मी अन्यत्र वाचलेली नव्हती: या सबंध काळात मताचा हक्क कर भरणाऱ्या मोजक्या लोकांपुरता असल्यामुळे तेव्हाच्या दादर-माहीमच्या वाड्यांतील, नारळीच्या बागांतील आणि कोळीवाड्यांतील बहुसंख्य रहिवाशांचा या निवडणुकांशी मतदार म्हणून संबंध आला नसावा. ‘नसावा’ हे क्रियापद त्यांनी जपून वापरले आहे, आणि त्यांची ही सावधगिरी मला आवडली.

येथे थोडे विषयांतर करते. टिपणात केवळ एका ओळीत उल्लेख असलेली १९०७ च्या निवडणुकीची फाइल मी कुतूहलाने मागवली आणि दोन दिवस तिच्यातच गुंतून पडले. फिरोजशहांना महापालिकेतून बाहेर ठेवण्यासाठी काही वरिष्ठ युरोपीय अधिकाऱ्यांनी जस्टिसेसच्या निवडणुकीत सोळा नावांची फळी उभी केली. जागा सोळा होत्या आणि फिरोजशहा सतरावे आले. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द ठरली आणि फिरोजशहांना जागा मिळाली. तीनदा अध्यक्षपद भूषवलेला माणूस आपल्याच शहराच्या सभागृहात एका जागेच्या फरकाने कसा अडतो आणि कसा परत येतो, हे त्या पिवळ्या कागदांतून वाचताना, महापालिका मुख्यालयासमोरच्या त्यांच्या पुतळ्याजवळून शेकडो वेळा गेलेल्या मला तो पुतळा पहिल्यांदाच दिसल्यासारखे झाले. त्या इमारतीचीही एक गोष्ट याच फाइलीशेजारी आहे: स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ साली करणाऱ्या लॉर्ड रिपन यांच्याच हस्ते तिची कोनशिला १८८४ च्या डिसेंबरात बसवली गेली, आणि स्टीव्हन्स यांनी रेखाटलेली ती वास्तू १८९३ साली पूर्ण झाली.

आमच्या इमारतीची खरी कथा १९२२ च्या कायद्यापासून सुरू होते. त्या कायद्याने एकशे सहा सदस्यांपैकी शहात्तर विभागांतून निवडून द्यायचे ठरले, आणि मुख्य म्हणजे दरमहा दहा रुपये किंवा त्याहून अधिक भाडे देणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. टिपण देताना साहाय्यकांनी मला विचारले, “जुन्या भाडेपावत्या आहेत का घरात? असतील तर बघा.” माझ्या आजेसासऱ्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. तिच्यात १९२९ सालची पावती निघाली: दोन खोल्या, दरमहा बारा रुपये. म्हणजे ते मतदार होते. त्याच पेटीत त्यांच्या धाकट्या भावाची, परळच्या चाळीतल्या एका खोलीची पावती होती, सात रुपयांची. एका आईच्या पोटी जन्मलेले दोन भाऊ, एक कारकून आणि एक गिरणीत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली. या नियमाने एकाला मत होते, दुसऱ्याला नव्हते. मताधिकाराचा विस्तार हा शब्द मी वर्गात अनेक वर्षे शिकवला, पण तो पाच रुपयांच्या फरकाएवढा होता, हे मला त्या दोन पावत्या शेजारीशेजारी ठेवल्यावर कळले. या सेवेने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट तो साधा प्रश्नच होता.

त्याच नव्या रचनेत स्त्रिया सभागृहात आल्या. सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले १९२३ पासून महापालिकेत होत्या, आणि महापालिकेने १९२५ साली खुल्या केलेल्या माहीम पार्कला १९२७ साली शिवाजी पार्क हे नाव मिळाले, ते अवंतिकाबाईंच्या आग्रहाने. आमच्या इमारतीतली मुले ज्या मैदानावर चार पिढ्या खेळली, त्याचे नाव एका नगरसेविकेच्या प्रयत्नातून आले, हे स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर घ्यायचे आम्ही ठरवले आहे. १९३१ साली अध्यक्ष हे पद महापौर झाले आणि जे. बी. बोमन-बेहराम पहिले महापौर ठरले. टिपणातला हा भाग त्रोटक आहे आणि तेवढा पुरेसा आहे, कारण महापौराला नगरसेवक निवडतात, आमच्या गल्लीतला मतदार नव्हे.

१९४८ ची निवडणूक ही प्रौढ मताधिकारावर झालेली महापालिकेची पहिली निवडणूक होती. टिपणात तिच्यासाठी पूर्ण पान दिले आहे, आणि ते तसेच द्यायला हवे होते. भाडेपावतीची अट गेली. त्या वर्षी परळच्या चुलत आजेसासऱ्यांनाही मत मिळाले असणार. शहराची हद्द तेव्हाही माहीम आणि शीवपाशी संपत होती, म्हणजे दादर हे शहराच्या उत्तर टोकाजवळ होते. १९५० साली हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत, आणि शहराच्या कडेचे दादर एका झटक्यात मध्यावर आले. नकाशाच्या दोन छायाप्रती या पानाला जोडलेल्या आहेत, आणि त्या एकावर एक ठेवून उजेडात धरल्या की हा बदल डोळ्यांना दिसतो. छायाप्रती मात्र फिकट आहेत. मूळ नकाशाच्या रंगरेषा त्यांत उतरलेल्या नाहीत; प्रभागाची हद्द आणि रेल्वेमार्ग यांतला फरक ओळखण्यासाठी मला पुन्हा मूळ नकाशा मागवावा लागला. तीनशे रुपयांत रंगीत प्रत मिळणार नाही हे समजण्यासारखे आहे, पण जादा पैसे भरून ती मिळण्याची सोय तरी असायला हवी.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळातील कात्रणे हे या दालनाचे वैभव आहे. १९५७ साली समितीने महापालिकेत काँग्रेसला मागे सारले आणि आचार्य दोंदे महापौर झाले. त्यानंतर कम्युनिस्ट पक्षाचे एस. एस. मिरजकर आणि रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे ही नावे ओळीने येतात. दोंदे हे परळमधील शाळा उभारणारे शिक्षक, मिरजकर हे ब्रिटिश सरकारने कम्युनिस्टांवर भरलेल्या मीरत खटल्यातील आरोपी राहिलेले कामगार नेते, आणि बोराळे हे दलित समाजातून आलेले महापौर. तीन वर्षांत तीन अशा माणसांना महापौरपदाच्या खुर्चीत बसवणारे सभागृह कसे असेल, याची कल्पना मला त्या कात्रणांशिवाय आली नसती. १९६१ साली मृणाल गोरे, जॉर्ज फर्नांडिस आणि अहिल्या रांगणेकर सभागृहात आल्या-आले. गोरेगावातल्या पाण्याच्या आंदोलनांनी मृणालताई पुढे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या, आणि नगरसेविकेचे काम नळाच्या तोटीपासून सुरू होते, हे आमच्या पिढीने त्यांच्याकडून शिकले. दालनात या तिघांच्या स्वतंत्र फाइली आहेत. वाचक तासन्‌तास बसतील, अशा त्या आहेत, आणि साहाय्यक त्या आनंदाने काढून देतात.

पुढचे पान १९६८ चे. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ रोजी झाली आणि दोनच वर्षांत, प्रजासमाजवादी पक्षाशी समझोता करून लढवलेल्या या निवडणुकीत तिने १४० पैकी ४२ जागा मिळवल्या. दादरला या निवडणुकीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. या वर्षाच्या फाइलीत मला पहिली चूक सापडली. तिच्यात एक बातमी होती, ज्यात महापौर म्हणून सुधीर जोशी यांचा उल्लेख होता. ते महापौर झाले १९७३ साली, तेव्हा हे कात्रण १९६८ चे असणे शक्य नव्हते. मी ते दाखवले. साहाय्यकांनी लगेच कात्रण वेगळे केले, मागे पेन्सिलीने टीप लिहिली आणि माझ्यासमोर योग्य फाइलीत ठेवले. चूक ऐकून कपाळावर आठी न आणणारी माणसे मी सरकारी-निमसरकारी टेबलांमागे फार थोडी पाहिली आहेत.

दुसरी चूक अधिक गंभीर होती, कारण ती टिपणाच्या मजकुरातच होती. १९७८ नंतरची निवडणूक टिपणात १९८४ ची म्हणून नोंदवली होती. त्या वर्षी मुदत संपली हे खरे, पण निवडणूक झाली नाही. महापालिकेवर प्रशासक नेमला गेला आणि मतदान १९८५ साली झाले. शिवसेनेला १७० पैकी ७४ जागा मिळाल्या आणि छगन भुजबळ महापौर झाले, ती ही निवडणूक. साल एकाने चुकले, एवढ्यापुरती ही बाब नाही. १९६१ ते १९६८, १९७८ ते १९८५ आणि १९८५ ते १९९२ अशी तीनदा मुंबईकरांनी निवडणुकीसाठी सात-सात वर्षे वाट पाहिली आहे, आणि ही लांबलेली अंतरे टिपणात दिसली नाहीत, तर ७४ व्या घटनादुरुस्तीने काय बदलले, हे वाचकाला कळणारच नाही. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या त्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत बंधनकारक केली, १९९४ साली राज्य निवडणूक आयोग आला, आणि १९९७, २००२, २००७, २०१२ व २०१७ या निवडणुका पाच-पाच वर्षांनी नेमाने झाल्या. मी हे सारे एका कागदावर लिहून दिले. दहा दिवसांनी दुरुस्त टिपण विनामूल्य मिळाले, आणि निवडणुकांमधील अंतराचा एक नवा रकाना त्यात घातलेला होता. आता तो रकाना सर्वच टिपणांत असेल, असे मला सांगण्यात आले.

१९९२ ची निवडणूक ही माझ्या कामाच्या आयुष्यातली फार जवळची निवडणूक आहे. महिलांसाठी राखीव प्रभाग तेव्हा पहिल्यांदा आले. मी धारावीजवळच्या एका केंद्रावर मतदान अधिकारी होते, आणि डोक्यावरचा पदर दाताखाली धरून एक वृद्ध बाई मतपत्रिकेकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला हळूच विचारले, “सगळ्या बायाच हायत व्हय?” मी हो म्हटले. त्या शिक्का घेऊन पडद्यामागे गेल्या आणि परतताना माझ्या हातावर हात ठेवून बाहेर पडल्या. २०११ च्या कायद्याने हे आरक्षण निम्म्या जागांपर्यंत गेले आणि २०१२ पासून सभागृहात त्याचा परिणाम दिसू लागला. टिपणात या दोन्ही नोंदी आहेत. सोडतीत आमचा प्रभाग कोणत्या वर्षी कोणासाठी राखीव झाला, हे मात्र नाही. प्रभागाच्या इतिहासात ही माहिती मध्यवर्ती आहे, कारण नगरसेवक एका मुदतीनंतर का बदलला, याचे कारण पुष्कळदा मतदारांच्या नाराजीत नसते, सोडतीच्या चिठ्ठीत असते.

याचा संबंध या सेवेच्या मुख्य उणिवेशी आहे. दालनाची विषयसूची १९९२ पाशी थांबते. त्यानंतरचे साहित्य आहे, पण ते पुठ्ठ्याच्या खोक्यांत, पोटमाळ्यावर, वर्षाचा आकडा खडूने लिहून ठेवलेले. प्रभागरचनेचे प्रारूप आराखडे, त्यांवरच्या हरकती व सूचना, अंतिम राजपत्र, हे सारे तेथे असायला हवे. प्रत्यक्षात २००२ चे खोके अर्धे रिकामे होते आणि २००७ च्या नकाशाचा दादरचा भाग कोणीतरी ब्लेडने कापून नेलेला होता. अलीकडच्या निवडणुकांचा निकाल संकेतस्थळावर मिळतो, म्हणून तो छापून ठेवण्याची गरज कोणाला वाटत नसावी, पण संकेतस्थळे बदलतात आणि जुने दुवे बंद पडतात, तेव्हा आमच्या गल्लीचा २०१२ चा नकाशा १९४८ च्या नकाशापेक्षा दुर्मीळ व्हायचा. मला तो अखेर एका शेजाऱ्यांच्या जुन्या प्रचारपत्रकामागे छापलेला मिळाला.

आणि २०१२ व २०१७ हे तर आमच्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे टप्पे आहेत. २०१२ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला शहरात २८ जागा मिळाल्या आणि दादर-माहीम पट्ट्यात तिला मोठे यश मिळाले. २०१७ साली ती सातवर आली, शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. पण या दोन निवडणुकांच्या मध्ये नकाशाही बदलला होता. शहर भागाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ साली सुमारे ३० लाख ८५ हजारांवर आली, आणि उपनगरांची वाढली. त्यानुसार बेटावरचे प्रभाग कमी झाले, उपनगरांत वाढले, आणि उरलेले प्रभाग पसरले. तेव्हा ‘मतदारांनी पाच वर्षांत मन बदलले’ असे विधान करण्याआधी ते मतदार तेच होते का, हे तपासावे लागते. टिपणात ही सूचना आहे. ती ठळक अक्षरांत असायला हवी होती.

सोयींविषयी थोडक्यात. दालन सकाळी दहाला उघडते, दुपारी दीड तास बंद असते आणि सहाला मिटते. नोकरी करणाऱ्याला शनिवारशिवाय जाणे शक्य नाही. मोबाइलवर छायाचित्र घ्यायला प्रत्येक पानाचे पाच रुपये पडतात आणि बांधीव खंडाची झेरॉक्स मिळत नाही, हा नियम कागद जपण्यासाठी आहे व तो योग्य आहे. जिना उंच आहे, उद्वाहन नाही. गुडघे दुखणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी साहाय्यकांनी खालच्या वाचनकक्षात एक टेबल लावून दिले आणि फाइली स्वतः खाली आणल्या, तेही न सांगता. खिडकीजवळची जागा मिळाली तर पंख्याने कात्रणे उडत नाहीत.

स्मरणिका, शाळेचा प्रकल्प, एखाद्या प्रभागाच्या प्रश्नांवर काम करणारी रहिवासी समिती, अशा कोणालाही ही सेवा घ्यावी, असे मी सांगेन, पण टिपण हे अंतिम समजू नये आणि १९९२ नंतरच्या नोंदी स्वतः पडताळाव्यात. १९२२ ते १९६८ या काळासाठी मात्र तीनशे रुपयांत इतके काटेकोर काम कोणी करून देईल, असे मला वाटत नाही.

माझ्या टिपणाची शेवटची नोंद त्यांनी माझ्या विनंतीवरून नंतर जोडली. ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि महापालिका प्रशासकाकडे गेली. सदस्यसंख्या २३६ करण्याचा निर्णय झाला आणि तो फिरवून पुन्हा २२७ ठेवण्यात आली. प्रकरण न्यायालयात राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. अंतराच्या नव्या रकान्यात या ओळीपुढे जवळजवळ नऊ वर्षे असे लिहिले आहे, आणि त्या रकान्यातला तो सर्वांत मोठा आकडा आहे.

निघताना मी विचारले की, घरातल्या जुन्या मतदार चिठ्ठ्या आणि निवडणुकीच्या कामाचे आदेश त्यांना हवे आहेत का. ते म्हणाले, “बाई, लोक हेच टाकून देतात.” पुढच्या शनिवारी मी १९९२ आणि १९९७ चे माझे दोन आदेश, सासूबाईंच्या तीन मतदार चिठ्ठ्या, ते प्रचारपत्रक आणि दोन्ही भाडेपावत्यांच्या प्रती घेऊन गेले. त्यांनी प्रत्येक कागदावर पेन्सिलीने आमच्या गल्लीचे नाव लिहिले, प्रभागाचा क्रमांक लिहिला नाही, आणि दाखल नोंदवहीत माझी सही घेतली.